होड्यांचा दसरा

खालच्या मजल्यावरचे एक शेजारी चाकणच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आले की माझ्याकडं चहाला येतात आणि भिंतीवरच्या जुन्या विलायती चित्रासमोरच बसतात. चित्रात संथ नदी, तीन होड्या आणि आत पाय पसरून बसलेली माणसं. दर वेळी विचारतात, “अजून हाललं न्हाई का राव कुनी? ह्यांना सुपरवायझर न्हाई वाटतं.”

यंदा दसऱ्याला त्यांनी पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या पुजल्या आणि तेच ताट घेऊन वर आले. “तुमच्याकडं गाडी न्हाई म्हनून काय झालं?” म्हणत त्यांनी काचेवरूनच एकेका होडीला हळदकुंकू लावलं. चाकाखाली ठेवायचं लिंबू मात्र हातातच राहिलं. जरा वेळ नदीकडं बघून त्यांनी ते माझ्या हातावर ठेवलं.

“चाक न्हाई, तर चिरडायचं कशानं? सरबत करा. दोन गेलास.”