शेवटचं ऐकणारा माणूस

माझे पती गेले त्या दिवशी मी नांदेडच्या शाळेत वर्गावर होते. ते सैन्यात होते. सीमेजवळच्या लष्करी दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला. शवपेटीसोबत आलेल्या जवानानं सांगितलं, "शेवटी पाद्रीसाहेब जवळ होते. आम्हाला बाहेर थांबवलं होतं. यांचं पापनिवेदन झालं, त्यानंतर ते बोललेच नाहीत."

सासूबाईंना त्याचा दिलासा वाटला. आम्ही ख्रिस्ती. मरणाऱ्याजवळ पाद्री असणं आमच्यात भाग्याचं समजतात, आणि भेटायला येणारे मला तेच सांगून धीर देत होते. मला धीर येत नव्हता. माझ्या माणसाचे शेवटचे शब्द एका परक्या माणसाजवळ होते आणि तिथून ते कधी बाहेर येणार नव्हते. पापनिवेदनात ऐकलेलं पाद्री कुणाला सांगत नाही, जीव गेला तरी. रविवारी चर्चमध्ये मुलांना हे मीच शिकवते. ते वाक्य मी भरभर उरकायचे.

जवानानं नाव सांगितलं होतं, त्यावरून त्या पाद्रींचं पुढचं आयुष्य मी चर्चच्या मासिकातून वाचत गेले. बर्फातल्या चौक्यांवर ते वेदीचं सामान पत्र्याच्या पेटीत घेऊन चढत, खंदकात मिस्सा, म्हणजे आमची उपासना, करत, जवानांबरोबर पंगतीला बसत. सैन्यातून निवृत्त झाले, मग बिशप झाले, मग आर्चबिशप. प्रत्येक बातमीसोबत फोटो असे. लोक त्यांची अंगठी, त्यांची उंच टोपी बघत असतील. मी त्यांचे कान बघत बसे. या कानांनी ऐकलंय, असं मनात येई आणि पान मिटवून टाकावंसं वाटे. प्रार्थनेला गुडघे टेकले की तोच हेवा वर येई. मी देवाला म्हणे, त्यांना इतकं दिलंस, माझ्या वाट्याचं तेवढं तरी मला परत दे.

यंदा ते औशाजवळच्या एका खेड्यात नव्या चर्चच्या आशीर्वादाला पाहुणे म्हणून येणार असल्याचं कळलं. सासूबाई मूळच्या जळकोटकडच्या, आता माझ्याजवळच असतात. त्या म्हणाल्या, "मीबी येते. त्यानं माज्या लेकाचं तोंड पाह्यलंय." आमची एसटी लातूरच्या अलीकडे बंद पडली. पोचलो तेव्हा मिस्सा होऊन जेवणं उरकली होती आणि लोक खुर्च्या गोळा करत होते. आर्चबिशपांची गाडी मात्र दाराशीच होती, एका अंगाला बसलेली.

"काय झालं रं?" सासूबाईंनी ड्रायव्हरला विचारलं.

"पंक्चर, आजी. स्टेपनीतबी हवा न्हाई. पंक्चरवाला जेवायला गेलाय."

"येवढा मोठा साहेब अन् स्टेपनी रिकामी? मंग ठिवलीस कशाला, मिरवायला?"

"तुमचीच वाट बघून राहिलो व्हतो म्हना की, आजी."

तो थट्टेनं बोलला. मी मात्र जागच्या जागी थांबले.

आर्चबिशप कडुनिंबाखाली खुर्चीत बसले होते. फोटोतल्यापेक्षा थकलेले दिसले. मी पतीचं नाव सांगितलं, दवाखान्याचं गाव सांगितलं, तसे ते खुर्चीचा हात धरून उठले. मी वाटेत काय काय जुळवून आणलं होतं, त्यातलं एकच वाक्य तोंडून निघालं. "फादर, ते शेवटी काय म्हणाले?"

ते म्हणाले, "ताई, ते माझ्याजवळ आहे, पण माझं नाही. मी देऊ शकत नाही." आणि पुढे म्हणाले, "मलाच तुम्हाला एक विचारायचंय. दर वर्षी त्या दिवशी मी मिस्सात त्यांचं नाव घेतो, पण डोळ्यांपुढे माणूस येत नाही. मी पाहिलं तेव्हा चेहरा पट्ट्यांनी झाकलेला होता. उभं असलेलं मी त्यांना पाहिलंच नाही. ते चालायचे कसे?"

यांच्याकडे सगळं आहे असं मी इतकी वर्षं धरून बसले होते, आणि ते माझ्यापुढे मागणारे होऊन उभे होते.

मी सांगू लागले. ते भरभर चालत, पुढे जाऊन कोपऱ्यावर माझी वाट बघत. उजवा खांदा जरा खाली असे, बंदुकीच्या ओझ्यानं.

"बंदूक कुठली!" सासूबाई मध्येच म्हणाल्या. "ल्हानपनी चिंचेवरून पडला व्हता. लगनाच्या टायमाला म्हनला, आई, तिला सांगू नको, हसंल. म्या न्हाई सांगितलं."

आर्चबिशप हसले. मग सासूबाई हसल्या, आणि मीही हसले, पदर तोंडाला लावून. हसता हसता माझे डोळे भरून आले. माझ्या माणसानं आईजवळ एक गुपित ठेवलं होतं, पाद्रींजवळ एक. कोपऱ्यावर थांबणं माझ्यासाठी ठेवलं होतं. ही वाटणी त्यांची होती आणि ती करायचा हक्कही त्यांचा होता. मी देवाकडे ती मोडून मागत होते.

पंक्चरवाला आला, गाडी निघून गेली. एक चाक बसलं म्हणून भेट झाली, याला काय म्हणावं ते मी ठरवलेलं नाही. मी फक्त देवाचे आभार मानते. हेवा एका दिवसात जात नाही. अजून कधी कधी टोचतो. टोचला की जे मला मिळणार नाही ते मी प्रभूच्या हाती ठेवते आणि कामाला लागते.

त्यांचे शेवटचे शब्द मला माहीत नाहीत. घरात मी आहे आणि सासूबाई आहेत. संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्यासाठी प्रार्थना करतो.