होडीच्या पुस्तकातलं एक पान

मुलांनो, हे तुमच्या आईलाही ठाऊक नाही. कुणालाच नाही. आज पहिल्यांदाच लिहायला बसलेय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळूरला आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. तुमच्या आजोबांनी एक जुनी लाकडी होडी आणली. तळ गळका — त्यावर रेझिन नावाच्या चिकट रसायनाने फायबरग्लासचं कापड चिकटवून थर चढवायचा होता. रविवारी ते लाकूड घासत बसायचे. हात भरलेले, म्हणून होडीदुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. सामानही मीच आणायचे. माझ्या यादीत चूक नसते — केवढा तोरा होता मला!

सिटी मार्केटमधल्या दुकानदाराने विचारलं होतं, "अक्का, रेझिन लाकडाला लावणार की फायबरला?" फरक मला माहीत नव्हता. तसं म्हणायचं कसं? "पॉलिएस्टर रेझिनच द्या," मी इंग्रजीत ठणकावलं. "सरी," तो कानडीत 'बरं' म्हणाला.

पुढच्या रविवारी ते पान आलं. पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही, पाण्यात सुटतं, इपॉक्सीच वापरा. मी आणलेला पॉलिएस्टरचा डबा समोर उघडलेला.

"पुढे काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

मी — पान उलटलं. "कापडाखाली बुडबुडे राहू देऊ नका म्हणतंय."

चुकीचं आणलं, एवढंच तर म्हणायचं होतं. का नाही म्हटलं?

तळ्यावरच्या दोन खेपा नीट गेल्या. मी काठावर उभी राहून होडीचा तळ मनात चाचपत असायचे. तिसऱ्या खेपेला थर सुटला. होडीत ते आणि नऊ वर्षांची तुमची आई. पाणी भसकन आत आलं. तिची लाल रिबन दिसली — मग दिसेना. त्यांनी तिला वेणीला धरून वर ओढलं.

"माझंच घासणं कमी पडलं गं," ते काठावर म्हणाले. मी तुमच्या आईचे केस पुसत राहिले.

त्यानंतर त्यांनी हत्यार हातात घेतलं नाही. साधा फ्यूज बदलायलाही माणूस बोलवायचे. तुमची आई मोठी झाल्यावर चिडवायची, "बाबा म्हणजे बुडवे कप्तान!" ते मान खाली घालून हसायचे. मी चहा ओतत असायचे.

ते गेले, तेव्हाही त्यांना चूक आपल्या घासण्याचीच वाटत होती. त्यांचं घासणं चोख होतं. मी हात फिरवून पाहिलं होतं.