शेजारणीच्या घरी लागलेली झोप

सासूबाई गेल्या तेव्हा मला रडू आलं नाही. दोन-अडीच वर्षं त्या अंथरुणावर होत्या, डावं अंग लुळं पडलेलं. त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, मऊ भात भरवायचा आणि मधेच ह्यांचा कारखान्याचा डबा भरायचा. ते दिवस कसे गेले, मला नीट आठवतही नाही. वरणगावच्या वसाहतीतल्या बैठ्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

सासूबाई पहाटे गेल्या. संध्याकाळपर्यंत सोनगीरहून, धुळ्याहून माणसं आली आणि तापीवर सगळं उरकलं. घरात चूल पेटवायची नव्हती. उजव्या बाजूच्या क्वार्टरमध्ये एक बौद्ध शिक्षिका म्हाताऱ्या वडिलांसह राहायची. तीच पिठलं-भाकरी घेऊन आली. ती गेल्यावर ह्यांच्या सोनगीरच्या आत्यांनी टोपलीकडे बघत विचारलं, कोणाच्या घरचं आहे? एरवी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. त्या दिवशी तेवढंही त्राण नव्हतं.

"शेजारणीच्या घरचं. खायचं तर खा आत्या, नाहीतर राहू द्या," मी म्हणाले आणि स्वतः भाकरी मोडून घेतली. बाकीचे जेवले. आत्या चहावर राहिल्या.

मग सुतक. आम्हाला कुणाकडे जायचं नाही, देवाला हात लावायचा नाही. पण येणाऱ्यांना कोण अडवणार? दर बसला कोणीतरी उतरायचं. दारातच गळा काढायचा, मग डोळे पुसून विचारायचं, "शेवटी काय बोलल्या?" त्यांची वाचाच गेली होती, हे मी प्रत्येकाला नव्यानं सांगायची आणि चहाचं आधण ठेवायची. एकदा आत्या मागच्या खोलीत कुणाला तरी सांगत होत्या, "सासू गई, पन सून रडनी बी नही." ते मला ऐकू आलं. दहाव्याला कावळा लवकर शिवला नाही, तेव्हा सगळ्यांनी माझंच नाव घेतलं म्हणे. मी नदीवर गेले नव्हते; हे घरी येऊन सांगणाऱ्याही आत्याच.

डाव्या बाजूला एक मुसलमान कुटुंब होतं. तिथल्या बाईचा नवरा महिन्यापूर्वी हृदयविकारानं गेला होता आणि ती इद्दतीत बसली होती. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. साधे कपडे, हातात काही नाही. मागच्या अंगणात आमच्यात अर्धी भिंत होती. मी भांडी घासायला बसले की ती पलीकडे येऊन उभी राहायची. मी तिच्या घरी जाऊ शकत नव्हते, ती माझ्याकडे येऊ शकत नव्हती.

"भाभी, तुमच्याकडे अजून लोक येतात?" तिनं एकदा विचारलं.

"येतात. तुमच्याकडे?"

"हमारे यहाँ तो अब कोई नहीं आता. दिवसभर भिंतीच बघते."

मला तिचा हेवा वाटला. तिला बहुतेक माझा वाटत असावा.

तेरावं झालं, माणसं गेली. घर एकदम मोकळं झालं, पण माझी झोप उडालेली ती उडालेलीच. सवयीनं पहाटे जाग यायची, आणि उठून करायचं काय ते कळायचं नाही.

पुढे काही आठवड्यांत शिक्षिकेचे वडील गेले. त्यांच्या जलदान विधीला मी निघाले, तेव्हा अर्ध्या भिंतीवरून हाक आली, "भाभी, मला तर येता येत नाही. मेरी तरफ से भी बैठो."

खोलीत पांढऱ्या कपड्यातली माणसं सतरंजीवर बसली होती. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या आणि म्हाताऱ्यांचा फोटो. त्रिशरण-पंचशील झालं, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात हळूहळू पाण्याची धार सोडली. मग एकेक जण उठून म्हाताऱ्यांबद्दल चार शब्द बोलू लागला. रेल्वेत होते, वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. कुणी मला काही विचारत नव्हतं. भिंतीला टेकले, आणि बसल्या जागी मला झोप लागली.

जाग आली तेव्हा खोली रिकामी होती. माझ्या डोक्याखाली उशी होती. शिक्षिका मोरीपाशी कप विसळत होती. वडील तिचे गेले होते आणि उशी तिनं मला दिली होती. मी शरमून उठले, पदर सावरला.

"उठवायचं नाही का हो?"

"लोक उठवणार होते. मीच नको म्हटलं," ती म्हणाली. "ताई, तुम्ही घोरत होता. आबांना घोरणाऱ्या माणसाचा राग यायचा. आज काही बोलले नाहीत." ती हसली आणि हसता हसताच तिचा चेहरा वाकडा झाला. मी तिच्या हातातले कप काढून घेतले आणि राहिलेले विसळून टाकले.

घरी आले, भात टाकला. रडू तेव्हाही आलं नाही, नंतरही नाही. त्या रात्री मात्र मी सकाळ होईपर्यंत झोपले.