खाकरायचं नाही

आमच्या पोशिरात पुरुष माणूस घरात शिरण्याआधी खाकरतो. आतल्या बायकांनी पदर सावरावा, चाललेलं बोलणं आवरतं घ्यावं, म्हणून. माझे सासरे तर अंगणाच्या टोकापासूनच सुरू व्हायचे, निम्म्या आळीला कळायचं. आमच्या ह्यांनाही तीच सवय. नवी नवरी होते तेव्हा मला त्या घरात धीर यायचा तो ह्यांच्या खाकरण्याने.

हे माथेरानला एका हॉटेलात भांडी घासायचे. पण वेटर व्हायचं, हा एकच ध्यास. आम्ही बौद्ध होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, आणि झालो म्हणून गावाने आमच्या हातचं पाणी प्यायला सुरुवात केली होती असंही नाही. कामाधंद्याला वर माथेरानला जाणारं तेच गाव आता बघणार होतं, की मुंबईची बडी माणसं ह्यांच्या हातून वाढून घेतात. त्यासाठी पांढरा कोट आणि छातीवरचा पितळी बिल्ला मिळवायला हवा होता, आणि बिल्ल्यासाठी परीक्षा होती. मालकीणबाई जेवणाच्या हॉलमध्ये पेपर वाचत बसायच्या. उमेदवाराने आत यायचं, डावीकडून वाढायचं, उजवीकडून उचलायचं आणि निघून जायचं. बाईंनी मान वर केली की नापास.

हे दारातच खाकरले.

"बाईमानूस एकलं बसलेलं. तसंच कसं आत शिरायचं गं?" घरी येऊन मलाच विचारलं. मी पोट धरून हसले. ते हसले नाहीत.

पावसाळ्यात वरची हॉटेलं बंद असतात. लावणी आटोपली तशी ह्यांनी मला भिंतीकडे तोंड करून पाटावर बसवायला सुरुवात केली. मी गोधडी शिवायची, ह्यांनी मागून ताट घेऊन यायचं, चाहूल लागली की मी "आले!" म्हणून ओरडायचं. आधी रोज मीच जिंकायचे. कधी गुडघा वाजायचा, कधी ताटाला नख लागायचं. जन्मात मला कुणी बसवून वाढलं नव्हतं, त्यामुळे मजाही वाटायची.

मग एकदा दोरा तोडायला मान वळवली, तर डाव्या अंगाला ताट. भातातून वाफ निघत होती. ते कधी आले, कधी वाकले, कधी मागे सरले, काही कळलं नव्हतं. अंगावर सर्रकन काटा आला.

"जमलं गं!" ते मागून म्हणाले. मी तोंडभर कौतुक केलं. मनातून मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

दिवाळीला हॉटेल उघडलं आणि बिल्ला मिळाला. सासूने दृष्ट काढली. पण त्यानंतर घरातलं ह्यांचं खाकरणं गेलं ते गेलंच. चुलीपासून वळावं, तर हे मागे उभे. सासू कावायची, "भुतावानी फिरू नको रं, काळजात चर्र व्हतं!" मीही भांडले. "घरात तरी आवाज करीत जा. मी काय तुमचं गिऱ्हाईक हाय?"

"इसरलो गं," ते खजील होऊन म्हणाले. "आता खाकरणं येतच नाय." माझ्यासाठी खाकरायचे कधी कधी, पण आत येऊन उभे राहिल्यावर. त्या बिल्ल्याचा मला इतका राग यायचा की चिंचेने घासून लखलखीत करतानासुद्धा मी त्याला शिव्या घालायचे.

ते गेले तेही पावसाळ्यातच, दुपारी, पडवीत. मी पाठमोरी भाजी निवडत होते, ते मागे मेढीला टेकून बसले होते. मी बोलत होते. भाचीला बघायला येणाऱ्या पाव्हण्यांचं, गळणाऱ्या कौलांचं, शेजारणीने परत न केलेल्या सुपाचं. उत्तर येत नव्हतं, पण ते कमीच बोलायचे. शेवटी चिडून म्हटलं, "ऐकताय ना?" आणि वळले.

लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही. मला तो त्रास हवा होता. कण्हले असते, हाक मारली असती, पाय झाडला असता, तर मी हातातलं टाकून धावले असते. ती दुपार मी किती वेळा पुन्हा बोलून बघितली आहे. पाव्हण्यांपाशी होते का? कौलांपाशी? मी कुठवर त्यांच्याशी बोलत होते आणि कुठून एकटीच?

आता मागे काही वाजलं तर मी बघत नाही, मांजर असतं. काहीच वाजत नाही तेव्हा मात्र माझ्याने बसवत नाही.