कार्डावर आई पुरुष होती

ताप उतरेना म्हणून मी आईला पेणच्या खारेपाटातल्या आमच्या गावातून रोह्याजवळ वरसे गावात माझ्या घरी आणलं. मी रोह्यातल्या एका शाळेत शिकवते. दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्याआधी तिला एका बाई डॉक्टरांकडे नेलं. तपासायला त्यांनी तिला पडद्याआड नेलं आणि बराच वेळ दोघी बाहेर आल्या नाहीत. मग डॉक्टर हात पुसत आल्या आणि मला म्हणाल्या, "ताप लघवीच्या संसर्गाचा आहे, तो जाईल. पण आजींचं अंग बाहेर येतं, हे घरात कुणालाच माहीत नाही?"

आई मागून पदर सारखा करत आली आणि खुर्चीत नेहमीसारखी एका अंगावर कलून बसली. ती अशी का बसते, हे मला त्या क्षणी कळलं.

"कधीपासून गं आई?"

"तुझा भाऊ झाला, तवापासून."

भाऊ माझ्या पाठचा. तो झाला आणि अंगावरचं ओलं बाळंतपण सरायच्या आत आई मिठागरावर कामाला परत गेली होती. ओल्या मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालायचं, टाकायची, परत यायचं. त्याच दिवसांत कधीतरी गर्भपिशवी खाली सरकली. तेव्हापासून तिने कापडाची जाड घडी बांधून भाताची लावणी केली, आमची लग्नं केली, माझी दोन बाळंतपणं केली.

"सांगितलं का नाहीस?"

"कोनाला सांगू? आमच्यातल्या लय बायांचं असंच हाय. माझ्या सासूचं पन व्हतं."

डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. हृदय चांगलं आहे, साखर नाही, ऑपरेशन झेपेल. आईने एकच विचारलं, "मग ती घडी बांधावी नाय लागनार?"

"नाही लागणार."

"मग करा."

सत्तरी ओलांडलेल्यांना मिळणारं सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड आईकडे होतं. गावातल्या शिबिरात भावजयीने काढून आणलं होतं. ते घेऊन आम्ही डॉक्टरांनी सांगितलेल्या रुग्णालयात गेलो. अशा रुग्णालयात योजनेच्या रुग्णांसाठी एक मदतनीस बसतो, त्याला आरोग्यमित्र म्हणतात. इथले आरोग्यमित्र चाळिशीतले, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कागद घेतले, माहिती भरली आणि मंजुरी आली की फोन करतो म्हणाले. फोन आला, पण मंजुरीचा नव्हता.

"मॅडम, अर्ज परत आलाय. गर्भपिशवीचं ऑपरेशन आहे, आणि कार्डावर रुग्ण पुरुष आहे."

मी घरी जाऊन कार्ड बघितलं. फोटो आईचाच, कुंकू लावलेला, नथ घातलेला. नाव आईचं. पुढे, पुरुष. आधार कार्ड काढलं. तिथेही पुरुष. पूर्वी गावच्या शाळेत आधारचा कॅम्प झाला होता तेव्हा कुणाचं तरी बोट चुकलं, आणि इतक्या वर्षांत ते कुणी वाचलंच नव्हतं. रेशन मिळत होतं, पेन्शन मिळत होती, मग वाचणार कोण?

आरोग्यमित्रांनी क्रम सांगितला. विम्याचं कार्ड आधारवरून माहिती उचलतं, तेव्हा आधी आधार दुरुस्त करायचं, मग कार्डाची पडताळणी नव्याने करायची. "होतं हे," ते म्हणाले, "फक्त मागे लागावं लागतं."

मागे लागण्याचं मला वावडं नाही. रोह्यात नंबर मिळेना, म्हणून पेणच्या आधार केंद्रात जायचं ठरवलं. पण संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, राहू दे ना ते कार्ड. आपण खासगीत करू. आईच्या ह्या गोष्टी चार लोकांत कशाला सांगत फिरायच्या?"

फोन स्पीकरवर होता. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "माझं दुखनं मी सांगीन. तुला कोन सांगायला बोलावतंय?" भाऊ म्हणाला, "बरं. पेणला कधी येताय सांगा, मी स्टँडवर येतो."

शनिवारी रोह्याहून एसटीने नागोठणे, वडखळ करत आम्ही पेणला गेलो. भाऊ स्टँडवर उभा होता. आधार केंद्रात माणसं दाटीवाटीने बसली होती. आमचा नंबर आला तेव्हा मी खाली वाकून, आवाज बारीक करून ऑपरेटरला म्हणाले, "दादा, लिंग दुरुस्त करायचंय."

"काय? मोठ्याने बोला."

माझ्या मागून आई बोलली. सबंध खोलीला ऐकू गेलं. "मना बाप्या केलाय. बाई करा."

हसू फुटलं. ऑपरेटर हसला, आईही हसली. मग तो म्हणाला, "आजी, इतकी वर्षं चाललं, मग आत्ताच आठवण झाली?"

"माझं अंग बाहेर येतंय," आई म्हणाली. "त्याचं ऑपरेशन करायचंय. सरकार बोलतंय, बाप्याला पिशवी कुठची? म्हनून आलोय."

हसणं थांबलं. भाऊ भिंतीकडे बघत होता. ऑपरेटरने खुर्ची पुढे ओढली आणि एकदम सरळ आवाजात म्हणाला, "बसा आजी. करून टाकू."

पण आईच्या बोटांचे ठसे मशीन घेईना. मिठाने आणि वयाने बोटं गुळगुळीत झाली होती. ओल्या फडक्याने पुसली, दाबून धरली, एकेक करून सगळी बघितली. शेवटी डोळ्यांच्या स्कॅनवर आलं. भावाने तिच्या मागे उभं राहून तिचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरलं आणि म्हणाला, "आई, पापणी लवू देऊ नको." डोळे लगेच जुळले. पावती मिळाली.

बाहेर पडताना एक बाई आमच्या मागे आली. आईहून थोडी लहान असेल. जवळच्या जोहे गावची होती. भावाकडे एकदा बघून ती थांबली. भावाला कळलं, तो चहा सांगून येतो म्हणत बाजूला गेला. मग तिने आईचा हात धरला. "त्याचं ऑपरेशन होतंय गो? खरंच?"

"होतंय म्हने. माझं झालं की सांगते तुला." आईने मला तिचा नंबर लिहून घ्यायला लावला.

आधार दुरुस्त होऊन आलं. विम्याचं कार्ड मात्र तसंच राहिलं, पुरुषाचं. नवीन काढायला जावं तर जुनं आधीच आहे असं उत्तर, आणि जुन्यात बदल करायला जावं तर वरून मान्यता हवी. मी मधल्या सुट्टीत फोन लावायला लागले. एकाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. मी दर वेळी तेच वाक्य न चिडता म्हणायचे: आधारवर स्त्री आहे, कार्डावर पुरुष आहे, ऑपरेशन थांबलंय. आरोग्यमित्रांनी त्यांच्या बाजूने जिल्ह्याच्या कार्यालयात तक्रार घातली. काम होणार याबद्दल मला शंका नव्हती. चूक उघड दिसत होती, आणि आम्ही दोघंही सोडणारे नव्हतो. एका दुपारी त्यांनी आईला घेऊन यायला सांगितलं, पडताळणी नव्याने केली, आणि थोड्या वेळाने स्क्रीन माझ्याकडे फिरवला. स्त्री.

आईने विचारलं, "झाले मी?"

"झालात आजी," ते म्हणाले. या वेळी मंजुरी आली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. भूल उतरताना आई मिठागरावरच्या बायांना हाका मारत होती. काय ते मला नीट कळलं नाही. भाऊ रजा टाकून खालच्या बाकावर बसून होता. डॉक्टरांनी तिला जड उचलायला मनाई केली होती, आणि घरी आल्यावर हंडा दिसला की तिचे हात शिवशिवायचे, तेवढ्यापुरतं मला तिच्यावर लक्ष ठेवावं लागलं.

शेवटच्या तपासणीनंतर मी तिला गावी सोडायला निघाले. नागोठण्याच्या पुढे तिने मला जोह्याच्या त्या बाईला फोन लावायला सांगितला. एसटी भरलेली होती. आई सीटवर सरळ, दोन्ही अंगांवर भार टाकून बसली होती. तिने फोन कानाला लावला आणि सगळं सांगायला सुरुवात केली. कुठं तपासतात, काय कापतात, कधीपासून चालता येतं. पुढच्या सीटवरच्या दोन माणसांनी मान वळवली. आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"नाय गो, घाबरू नको," ती म्हणत होती. "तू ये तर खरी. मी येते ना तुझ्यासंगती."