चुकायची नोकरी

"तिच्या डोक्यावर लांब ससा आहे," असं मी माईकवर ठासून सांगितलं आणि हॉल फुटला.

सरांनी वाक्य टाकलं होतं, शी हॅज लाँग हेअर. हेअर म्हणजे केस. तोच उच्चार असलेला दुसरा हेअर म्हणजे ससा. मी ससा उचलला. मग सन आला. सन म्हणजे सूर्य, आणि सन म्हणजे मुलगा. "त्याचा सूर्य रोज शाळेत जातो," मी म्हणाले. माणसं खुर्च्यांवरून सांडली. हशा असा की तिकडं शहागडच्या पुलावर ट्रकवाल्यांनी ब्रेक मारले असतील. एका बाईच्या तोंडातलं बिस्कीट उडून चौथ्या रांगेत गेलं, आईशपथ. सरांनी कपाळावर हात मारला. "पाहिलंत? ही अशी येतात आमच्याकडे. दगड! आणि आम्ही यांना घडवतो."

सगळं खोटं. मला दोन्ही हेअर येत होते, दोन्ही सन येत होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आले असते.

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावर सरांचा इंग्रजीचा क्लास होता. दर रविवारी फुकट डेमो. व्यापारी, मास्तर, साहेब लोक आपापली पोरं घेऊन जिना चढायचे. सर इंग्रजी बोलायला लागले की मोंढ्यातली कबुतरंसुद्धा लंडनकडं तोंड करून बसायची. पण नुसत्या सरांवर डेमो चालत नाही. एक ढ पोर लागतं. सगळ्यांनी त्याला हसायचं, मग आपल्या पोराकडं बघून घाबरायचं, आणि खाली उतरायच्या आधी नाव नोंदवायचं. ते ढ पोर मी. बदल्यात माझा क्लास फुकट. माझा बाप मस्तगडच्या कोपऱ्यावर चपला शिवतो. मला निवडताना सरांनी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकून म्हणाले, "चालेल."

शनिवारी तालीम व्हायची. बरोबर कसं बोलायचं ते सर घाईत उरकायचे. चुकायचं कसं, ते मात्र जीव लावून शिकवायचे. "इतक्या लगेच चुकू नकोस. आधी विचार केल्यासारखं कर. डोकं खाजव. तुमच्यात खाजवतात तसं."

मी खाजवायची.

क्लासातली पोरं मला सॅम्पल म्हणायची. "ए सॅम्पल, खडू आण." "ए सॅम्पल, लांब बस." मी तरी टिकून राहिले. इंग्रजी पाहिजे होती मला. तिच्यासाठी मी जालन्यापासून लंडनपर्यंत गाढव होऊन चालत गेले असते, वाटेत समुद्र लागला तर तो पिऊन टाकला असता.

घरी आईला एवढंच ठाऊक होतं, की पोरगी दर रविवारी माईकवर इंग्रजी बोलते. एका रविवारी ती न सांगता आली. लग्नाकार्यातली हिरवी साडी नेसून. तिसऱ्या रांगेत बसली. शेजारच्या बाईनं आपली पर्स उचलून दुसऱ्या मांडीवर घेतली. आईनं तिला हसून सांगितलं, "माझी पोरगी हाय ती."

मी ससा म्हणाले. हॉल हसला. आईला वाटलं, लोक खूश झाले. तीही हसली. मी सूर्य शाळेत पाठवला. आईनं टाळ्या वाजवल्या.

मग सरांनी तालमीत नसलेला शब्द काढला. "सोल. एक सोल म्हणजे आत्मा. दुसरा सोल म्हणजे चपलेचा तळ. ही कोणता सांगेल?" माझ्याकडं बघितलंही नाही. लोकांकडं बघून डोळा मारला. "विचारायलाच नको. घरचा धंदा आहे!"

हॉल गडगडला. आणि तेवढ्या वेळात आईला कळलेला तो पहिला इंग्रजी शब्द. सोल. रोज बापाच्या हातात असतो तो. ती सगळ्यांपेक्षा मोठ्यानं टाळ्या वाजवायला लागली.

अख्ख्या जालना जिल्ह्याचा हशा मी गिळला असता. ती टाळी गिळता आली नाही.

मी माईक तोंडाजवळ ओढला. "मला दोन्ही सोल येतात. हेअर येतो, सन येतो. सर मला चुकायला लावतात. शनिवारी तालीम घेतात."

सरांचा चेहरा चुन्यासारखा झाला. क्षणभरच. मग ते ओरडले, "वा! काय ॲक्टिंग करते पोरगी! टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या. सगळ्यांनी वाजवल्या. आईनंही. माईक बंद झाला होता.

मी खाली उतरले. आईचं मनगट धरलं आणि जिन्याकडं ओढलं.

"अगं, संपला न्हाई अजून कार्यक्रम. लोकं किती खूश होऊन राह्यले तुझ्यावर!"

"खूश न्हाई, आई. हसून राह्यले. माझ्यावर. बापावर."

"मंग मी?"

खोटं बोलायला मला वेळ लागत नाही. हत्तीएवढं खोटं मी बिलकूल न अडखळता बोलते. तिथं बोलले नाही.

"तू बी हसलीस."

आई पायरीवर बसली. वरून पुन्हा हशा आला. तिनं साडीचा पदर दोन्ही कानांवर ओढून घेतला.

"मला न्हाई कळलं, बाई," ती म्हणाली. एवढंच.

पुढच्या रविवारी सरांनी दुसरी पोरगी उभी केली. वीटभट्टीवरच्या घरातली. माझ्यापेक्षा लहान, माझ्यापेक्षा चांगली चुकते म्हणे.

इंग्रजी मी सोडली नाही. मिळेल तिथून ओढून शिकते. पण रविवार मोकळा ठेवते. जिन्याच्या तोंडाशी उभी राहते आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "वर एक पोरगी चुकंल. तिला येतं. तिला चुकायला बसवलंय." कुणी हसतं, कुणी हाड म्हणतं. सरांच्या माणसानं दोनदा ढकललं, तर मी दोन पावलं मागं, सरकारी रस्त्यावर उभी राहिले.

ती पोरगी माझ्या अंगावरून वर जाते. बघत नाही. वर जाताना मीही बघत नव्हतेच कुणाकडं.

न बघू दे. ती माईक सोडून स्वतःच्या पायानं खाली उतरून येईपर्यंत मी इथून हलणार नाही.