अंबाबाईला नेटवर्कबाहेर काढताना

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मगच सांगते.

धरमपेठेत आमचं वर घर आणि खाली संत्रा बर्फीचा छोटा कारखाना. संत्री माझ्या माहेरची, काटोलची, म्हणून बर्फी गोड लागते असं माझं मत. आमच्याकडचे, म्हणजे आमचे हे, म्हणतात, साखरेमुळे.

यंदा सूनबाईनं, प्राचीनं, खालच्या ऑफिसात पाच कॉम्प्युटर आणून एकमेकांना जोडले. एकावर लेबलं, एकावर बिलं, आणि कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनमध्ये सगळ्यांचं सगळं सामान. शिवाय नियम असा की, ज्यानं त्यानं आपापल्याच मशीनवर बसायचं. दुसऱ्याच्या मशीनला हात लावला तर ते ओळखच देत नाही. सोवळं-ओवळं म्हणा ना!

आमच्याकडच्यांना हे काही पटेना. "हा दसरा नीट निघाला तर ठीक," ते प्राचीला म्हणाले, "नाही तर बेटा, आपलं जुनं बिलबुक काय वाईट होतं?"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी मनात अंबाबाईला हात जोडले आणि नवस बोलले. तिची मशिनं सुखरूप चालू देत, मी दसऱ्याला उठल्यापासून दुपारच्या आरतीपर्यंत मौन धरीन. एक शब्द बोलणार नाही, चिठ्ठीसुद्धा लिहिणार नाही.

आता मी अख्खी सकाळ गप्प बसणं म्हणजे केवढी तपश्चर्या, हे घरच्यांना विचारा.

तर खंडेनवमीला यंत्रांची पूजा. संध्याकाळी मी ताट घेऊन खाली गेले. प्राची आपल्या पासवर्डनं पाचही मशिनं उघडून काहीतरी झाडलोट करत होती. "आई, झेंडू कमी पडेल, पटकन घेऊन येते," म्हणून ती गेली. मी एकटी राहिले, आणि ती उघडी मशिनं!

हळदीकुंकू वाहिलं. अक्षता हातात घेतल्या आणि थबकले. पूजा करायची तर नावानं करायची ना? आणि यांची नावं काय, तर पीसी-१, पीसी-२... कैद्यांना असतात तशी! नवरात्र चालू, घरात पाच जणी नव्यानं आलेल्या, आणि एकीचंही बारसं नाही?

नाव कुठे घालतात ते मला ठाऊक होतं. मशिनं आली त्या दिवशी मी प्राचीच्या शेजारी बसून बघितलं होतं. घेतलं देवीचं नाव आणि बसले. लेबलांची ती अन्नपूर्णा. बिलांची भवानी. हिशेबाची महालक्ष्मी. ऑर्डरींची रेणुका. कोपऱ्यातली मोठी ती अर्थातच अंबाबाई. 'श्री अंबाबाई' घेईना, मध्ये जागा सोडलेली चालत नाही म्हणे. मग नुसती अंबाबाई. दर वेळी मशीन विचारायचं, आत्ता बंद करून चालू करू की नंतर? मी म्हटलं, नंतर. पूजेच्या मध्ये कशाला बंद करायचं?

प्राची झेंडू घेऊन आली, हार घातले, सगळं बंद केलं आणि आम्ही वर आलो. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दसऱ्याची सकाळ. हिंगण्याच्या एका कंपनीत पूजा झाली की पाळी सुटते आणि जाताना प्रत्येक कामगाराच्या हातात आमच्या बर्फीचा डबा. टेम्पो दारात उभा. फक्त लेबलं निघायची होती.

खालून आमच्या जुन्या कारकुनांचा, मनोहरभाऊंचा आवाज आला. "म्याडम! हा म्हणते, तुमाले इथं बसायची परवानगी नाही! काल तर होती नं!"

मी खाली धावले. पाचही पडद्यांवर तीच रड. प्राची आपल्या नावानं आत शिरली, तर लेबलांची फाइल सापडेना. "मोठं मशीन दिसतच नाहीये! त्या नावाचं कोणी नाहीच म्हणतंय!"

"मी म्हणत होतो," आमचे हे सुरू झाले. "काहून गेलं असं? टेम्पो उभा राहून राहिला, तिकडं पाळी सुटून जाईन!"

प्राचीच्या डोळ्यांत पाणी. आणि मी मौनात!

मी हारांकडे बोट दाखवलं. मनोहरभाऊंनी भक्तिभावानं हात जोडले. मी कपाळावर हात मारला. "तिले चक्कर येऊन राहिली, उपास आहे नं," म्हणून ह्यांनी खुर्ची दिली. माझ्या मनात तर देवीशीच हुज्जत चाललेली. बोलले तर नवस मोडतो आणि नाही बोलले तर पोर मोडते.

तेवढ्यात प्राची किंचाळली. "बाबा, आपल्या नेटवर्कमध्ये कोणीतरी घुसलंय! अनोळखी पाच मशिनं! भवानी, रेणुका, महालक्ष्मी..."

"चोर हाय का भक्त हाय गा?" हे मनोहरभाऊंकडे बघत राहिले.

"काही असो. एकेकीला बाहेर काढते. आधी ही सगळ्यात मोठी, अंबाबाई..."

दसऱ्याच्या दिवशी! माझ्या डोळ्यांदेखत!

"हात लावू नकोस अंबाबाईला!" मी ओरडले. टेम्पोवाला आत बघायला आला. "मीच ठेवली गं नावं! काल! पूजेत!"

मौन मोडलं ते मोडलंच.

प्राची जी हसायला लागली ती टेबल धरूनच बसली. "आई, दारावरच्या यादीत पीसी-१ आणि आत आली अन्नपूर्णा. कोण घेणार घरात?" तिनं डोळे पुसले आणि परवानग्यांच्या यादीत पाचही देवींची नावं घातली, लेबलांच्या फाइलसाठी अंबाबाईचा नवा पत्ता दिला. लेबलं धडाधड निघाली. टेम्पो पाळी सुटायच्या आत पोचला. त्यानंतर बिलबुकाचं नाव निघालेलं नाही.

नावं मात्र राहिली. आणि आता माझी शिक्षा ऐका. मी वर देवापुढे बसते आणि खालून मनोहरभाऊंचा आवाज येतो. "म्याडम, महालक्ष्मी झोपली!" "अन्नपूर्णेचं पोट भरलं, काही घेऊनच नाही राहिली!" "भवानी कामातून गेली!" प्रत्येक हाकेला मी कान धरते आणि देवीची क्षमा मागते.

शेवटी प्राचीला म्हटलं, "अगं, दे ना ती कैद्यांची नावं परत. दे, मीच बदलते."

"आई, तुम्हाला आता फक्त दर्शनाची परवानगी आहे. गाभारा बंद."

हे तिथंच चहा पीत होते. म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीले मौन नको धरू वं. हाताचा उपास धर."